एकतीस जुने फोन

डंडीत, तागाच्या बंद पडलेल्या गिरणीत,
तिसऱ्या मजल्यावर माझं दुकान आहे.
दुकान म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या,
फक्त मंगळवारी तापणारा रेडिएटर
आणि एक अ‍ॅप : टिपकागद.
इथे कुणाच्या जिभेवर ते नाव बसत नाही.
टिप्का म्हणतात. मी दुरुस्त करत नाही.
महिन्याला दीड पौंड मोजणाऱ्याने हवं ते म्हणावं.

सकाळी आधी पाहते, रात्रीत भवानी झाली का.
झाली. पर्थहून कुणीतरी, अख्ख्या वर्षाची वर्गणी.
तिघं सोडून गेले.
कारणाच्या चौकटीत एकाने
नुसता पूर्णविराम दिलाय.

यूअन होता तोवर भांडायला माणूस होता.
त्याला फोल्डर हवे होते, रंगीत लेबलं हवी होती.
मला हवं होतं, बोट लागताच पान उघडावं;
डोक्यात आलेली गोष्ट दोन सेकंद थांबते,
तिसऱ्याला निघून जाते.
मग त्याला मुलगी झाली, एडिनबरातली बँक मिळाली.
जाताना खुर्ची ठेवून गेला आणि एक यादी :
करायलाच हव्यात अशा गोष्टी.
त्यात पहिलीच,
जुने फोन सोडून देणे.

जुने फोन म्हणजे एकतीस माणसं.
सगळी मिळून साडेसेहेचाळीस पौंड,
आणि त्यांच्यापायी दर महिन्याला माझे चार दिवस.
हा हिशेब शाळकरी पोरालाही सुटेल.

अप्पा सांगलीला हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते.
न परवडणारं गिऱ्हाईकही ते तोडत नसत;
आधी चहा पाजत, मग खतावणी उघडत.
एकतीस जणांना मी चहा कसा पाजू?
पत्राचा मसुदा करायला घेतला :
'प्रिय ग्राहक,'
त्या स्वल्पविरामाला आता तीन आठवडे झाले.

कुणी काय लिहिलंय ते मला दिसत नाही.
कुलूप मीच घातलं, किल्ली त्यांच्याकडे.
मला दिसतं वजन, आणि वेळ.

त्या एकतिसांत एक खातं आहे.
टिपण एकच. एकशे बारा अक्षरांचं.
सहा वर्षं, रोज पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी
ते उघडतं, चाळीस सेकंदांत मिटतं.
वाढत नाही. घटत नाही.
यूअन म्हणायचा, बेकरीवाला असणार, पिठाचं प्रमाण.
मी म्हणायचे, अरे, सहा वर्षांत प्रमाण पाठ होतं.
मग औषधं म्हणून झालं,
मग तिजोरीचा आकडा.
मग आम्ही तो खेळ बंद केला,
समोरच्या खिडकीत दिवा दिसला
तरी आपण मान वळवतो, तसा.

नोव्हेंबरात टे नदीवर समुद्राकडून धुकं चढलं.
पूल अर्ध्यावरच संपला,
गाडी मात्र त्यात बिनधास्त शिरली.
त्या दिवशी मी नवी आवृत्ती सोडली.
शोध जलद. एक बटण कमी.
मालकिणीच्या आळसाने राहिलेल्या दोन चुका दुरुस्त.
जुने फोन : तसेच.
यादीत त्यापुढे 'पुढच्या खेपेला' असं लिहिलं,
बहुधा दहाव्यांदा.

शुक्रवारी त्या टिपणात एकशे एकोणीस अक्षरं होती.

पुन्हा पाहिलं. माझीच चूक असेल म्हणून
सगळा कोड उलटा वाचला.
चूक नव्हती. सात अक्षरं, चार अकराला.
उठले, रेडिएटरला हात लावला. थंड.
सातात काय मावतं ते बोटांवर मोजत राहिले :
एक नाव. एखादी तारीख. अंडी, दूध.
नाहीतर नुसतीच जागा, चुकून दाबली गेलेली.

यूअनला फोन लावला. मागे पोरगी रडत होती.
"वाढलं," म्हटलं.
"कितीने?"
"सात."
तो गप्प. भांड्यात चमचा वाजला.
मग म्हणाला, "जुने फोन काढले नाहीस ना अजून?"
"पुढच्या खेपेला," म्हटलं.
"हो," तो म्हणाला, "पुढच्या खेपेला."